पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी: व्हिसा न लागणाऱ्या बेटावर पोहोचताना

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०२३ च्या जून ते ऑगस्टमधलं आहे. कुटुंब पुण्याचं. वडील ७२ वर्षांचे, बँकेतून निवृत्त. आई ६७ वर्षांची. मुलगा चाळिशीतला, सॉफ्टवेअर कंपनीत. ओळख पटू नये म्हणून काही बारीक तपशील बदलले आहेत. तारखा, नियम आणि सामने मात्र खरे आहेत.

वडिलांची इच्छा एकच होती: त्रिनिदादच्या राजधानीत, पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर बसून भारताची कसोटी बघायची. १९७१ च्या मार्चमध्ये याच मैदानावर भारताने वेस्ट इंडीजला पहिल्यांदा कसोटीत हरवलं. वाडेकर कप्तान, सरदेसाईंचं शतक, आणि पदार्पणात ६५ आणि नाबाद ६७ करणारा गावसकर. वडील तेव्हा कॉलेजात होते. त्या दौऱ्यातले गावसकरचे ७७४ आणि सरदेसाईंचे ६४२ हे आकडे ते आजही झोपेतून उठवलं तरी सांगतात.

१२ जून २०२३ ला भारताच्या दौऱ्याचं वेळापत्रक जाहीर झालं. दुसरी कसोटी २० ते २४ जुलै, क्वीन्स पार्क ओव्हल. भारत-वेस्ट इंडीजमधली ती शंभरावी कसोटी ठरणार होती. मुलाने त्याच आठवड्यात सामन्याची तीन तिकिटं काढली आणि मग माझ्याकडे, प्रवासाची आखणी करून देणाऱ्याकडे, चौकशीला आला. पहिलं वाक्य ठरलेलं होतं: "त्रिनिदादला भारतीयांना व्हिसा लागत नाही, मी पाहिलंय. फक्त विमानाचं बघायचंय."

माहिती खरी होती. पर्यटक म्हणून जाणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकाला त्रिनिदाद आणि टोबॅगोत ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. परतीचं किंवा पुढचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि पुरेसे पैसे दाखवायचे. "फक्त विमानाचं" या दोन शब्दांत मात्र पुढचा सगळा महिना गेला.

अडचण

अडचणी तीन होत्या, आणि त्यांतली एकही त्रिनिदाद सरकारने घातलेली नव्हती.

पहिली वाटेतली. भारतातून कॅरिबियनला थेट विमान नाही. युरोप, अमेरिका किंवा कॅनडा यांपैकी कुठेतरी सहसा विमान बदलावं लागतं, आणि त्या मधल्या देशाचे नियम बेटाच्या नियमांपेक्षा कितीतरी कडक असतात. अमेरिकेत तर नुसतं विमान बदलणाऱ्यालाही इमिग्रेशनमधून जावं लागतं, म्हणजे व्हिसा हवाच. मुलाकडे कंपनीच्या कामानिमित्त काढलेला अमेरिकेचा व्हिसा होता, आईवडिलांकडे नव्हता. त्या उन्हाळ्यात मुंबईच्या वकिलातीत पर्यटक व्हिसाच्या मुलाखतीची तारीख वर्षाच्या पलीकडची मिळत होती.

दुसरी पासपोर्टची. आईच्या पासपोर्टची मुदत जानेवारी २०२४ मध्ये संपत होती. परतीच्या दिवसापासून मोजलं तर सहा महिन्यांना काही दिवस कमी. हा सहा महिन्यांचा नियम सगळे देश सारखा लावत नाहीत. पण इतक्या देशांतून जाताना प्रत्येक काउंटरवर त्यावर वाद घालत बसण्यात अर्थ नव्हता.

तिसरी अडचण मुलाच्या यादीत नव्हतीच. ती परतीची होती. त्रिनिदादचं नाव पीतज्वराचा (यलो फीव्हर) धोका असलेल्या प्रदेशांच्या यादीत आहे. भारतात हा रोग नाही, पण तो पसरवणारा एडिस डास घरोघरी आहे. त्यामुळे बाहेरून येणाऱ्याच्या बाबतीत भारताचा नियम जगातल्या कडक नियमांत मोडतो. अशा प्रदेशातून येणाऱ्याकडे पीतज्वराच्या लसीचं वैध प्रमाणपत्र नसेल, तर शेवटच्या संभाव्य संसर्गापासून सहा दिवस पुरे होईपर्यंत त्याला विलगीकरणात ठेवता येतं. प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं. २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी धरलं जातं.

मुलाने त्रिनिदादच्या प्रवेशाचे नियम वाचले होते. तिथे भारतातून थेट जाणाऱ्याला पीतज्वराचं प्रमाणपत्र मागत नाहीत, कारण भारत त्या यादीत नाही. त्याने मनात त्यावर फुली मारली. घरी परतताना आपलाच देश काय विचारेल, हा प्रश्न त्याला पडला नाही, आणि ज्यांना पडतो असे प्रवासी मी फार पाहिलेले नाहीत. माणूस जायचं ठिकाण शोधतो. स्वतःच्या घराचे प्रवेशनियम कोण शोधणार?

बरं, लस घेतली की झालं, असंही नव्हतं. पीतज्वराची लस जिवंत, दुर्बळ केलेल्या विषाणूंची असते. वडिलांना संधिवात होता आणि ते मेथोट्रेक्सेट घेत होते. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना ही लस टाळतात. आईला तसा आजार नव्हता, पण साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामांचा धोका तरुणांपेक्षा जास्त असतो. त्यामुळे डॉक्टर तिथे सरसकट होकार देत नाहीत.

पर्याय

आधी वाटेचे. कॅनडाचा ट्रान्झिट व्हिसा फुकट असतो, पण कागदपत्रं आणि वेळ पूर्ण व्हिसाइतकाच लागतो. एका महिन्यात तो हातात पडेल यावर तिकिटं काढणं धोक्याचं होतं. जर्मनी त्या वर्षी भारतीयांना विमानतळाबाहेर न पडताही ट्रान्झिट व्हिसा मागत असे, म्हणून फ्रँकफर्ट बाद. ॲमस्टरडॅमला भारतीय प्रवासी विमानतळाच्या आतल्या आत व्हिसाशिवाय विमान बदलू शकतो. कागदोपत्री हाच सर्वांत सोपा मार्ग होता, पण सामन्याच्या तारखांना बसेल असं एका तिकिटावरचं जोडविमान मिळेना. दोन वेगळी तिकिटं काढली तर सामान बाहेर काढून पुन्हा द्यायचं, म्हणजे विमानतळाबाहेर यायचं, म्हणजे शेंगेन (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक) व्हिसा. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

उरलं लंडन. मुंबईहून हीथ्रो आणि पुढचं विमान गॅटविकहून. एका एजंटने "एअरसाइड ट्रान्झिट व्हिसा घ्या, ३५ पौंडांत होतं" असं सांगितलं होतं. तो व्हिसा विमानतळाच्या आतच थांबणाऱ्यांसाठी असतो. हीथ्रोहून गॅटविकला जायचं म्हणजे ब्रिटनमध्ये प्रवेश करून, सामान घेऊन, रस्त्याने जायचं. त्यासाठी निदान ६४ पौंडांचा ‘व्हिजिटर इन ट्रान्झिट’ लागतो, आणि त्यावर ४८ तासांत देश सोडायची अट असते. तिसरा होता साधा पर्यटक व्हिसा, तेव्हा १०० पौंडांचा, सहा महिन्यांचा. (शुल्कं त्यानंतर वाढली आहेत.)

इथे पहिला खरा निर्णय होता. ३५, ६४ की १००? पैशांचा फरक तीन माणसांच्या विमानभाड्यापुढे किरकोळ होता. ७२ वर्षांच्या माणसाला मुंबईहून निघून थेट दुसऱ्या विमानात बसवायचं नव्हतं. लंडनमध्ये दोन रात्री थांबायचं होतं. शिवाय येतानाही गॅटविकला उतरून हीथ्रोला जायचं होतं. एखादं विमान रद्द झालं तर ४८ तासांचं घड्याळ डोक्यावर नको. पर्यटक व्हिसाला मुलाने जरा कुरकुर केली: "आपण लंडन बघायला थोडीच चाललोय?" शेवटी तिघांनीही तोच अर्ज केला. अमेरिकेचा व्हिसा असल्यामुळे ब्रिटनमधून जाताना काही सवलती मिळतात, पण त्या या मार्गाला लागू पडत नव्हत्या. मुलगाही त्यातून सुटला नाही.

आता परतीचे पर्याय. हा भाग जास्त गुंतागुंतीचा होता आणि निम्मी चर्चा त्यावरच झाली.

अ) त्रिनिदाद सोडून द्यायचं. पहिली कसोटी डॉमिनिकातल्या रोझोला होती, १२ जुलैपासून. डॉमिनिकालाही भारतीयांना व्हिसा लागत नाही आणि पीतज्वराचा प्रश्नही नाही. पण तिथे पोहोचायला आणखी एक बेट आणि आणखी एक छोटं विमान. वेळ तर अजिबातच उरत नव्हता. वडिलांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "गावसकर रोझोला खेळला नव्हता." विषय संपला.

आ) वडिलांसाठी वैद्यकीय सूट घ्यायची, आईला लस द्यायची आणि त्रिनिदादहून लंडनमार्गे थेट परतायचं. पीतज्वराच्या आंतरराष्ट्रीय पिवळ्या पुस्तिकेत लस देता येत नसल्याचं नोंदवण्याची सोय असते. दीर्घ आजारामुळे लस न घेऊ शकणाऱ्याला भारताच्या नियमांतही सूट आहे. पण मुंबईच्या विमानतळावर अंतिम शब्द तिथल्या आरोग्य अधिकाऱ्याचा. कागद पटला तर घरी, नाही तर विलगीकरण.

इ) आधी त्रिनिदाद, मग पीतज्वराचा धोका नसलेल्या बेटावर सहा दिवसांहून जास्त राहायचं, आणि तिथूनच परत. नियम "शेवटच्या संभाव्य संसर्गापासून सहा दिवस" असा आहे. ते दिवस दुसरीकडे गेले, तर मुंबईत उतरताना मोजायला काही उरतच नाही.

तिसरा पर्याय वाचताना सोपा वाटतो. त्यात खर्च वाढतो, एका देशाचे नियम वाढतात, आणि दुसरं बेट कोणतं हे ठरवावं लागतं. इथे वेळापत्रकानेच हात दिला. कसोटीनंतर २७ आणि २९ जुलैला बार्बाडोसच्या केन्सिंग्टन ओव्हलवर दोन एकदिवसीय सामने होते. बार्बाडोसमध्येही भारतीयांना पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही आणि बार्बाडोस पीतज्वराच्या यादीत नाही. मात्र यादीतल्या देशांतून येणाऱ्यांना बार्बाडोस स्वतः प्रमाणपत्र मागतो, म्हणजे तिथेही अडकण्याची भीती. त्यात त्रिनिदाद आणि गयानाहून येणाऱ्यांना, साथ चालू नसेल तर, सूट आहे. हे कळलं तेव्हा कुठे गणित जुळलं.

एक गोष्ट या निमित्ताने सांगायला हवी. आपण "वेस्ट इंडीज" एका दमात म्हणतो, पण त्या नावाचा देश नाही. तो क्रिकेटचा संघ आहे. पासपोर्टवर शिक्का मारणारं प्रत्येक बेट वेगळं सरकार आहे, वेगळे प्रवेशनियम, अनेकदा वेगळं चलन. २००७ च्या विश्वचषकासाठी त्या देशांनी काही महिने एकत्र व्हिसा आणि एकच प्रवेश-क्षेत्र केलं होतं. ती सोय स्पर्धेनंतर संपली. (त्या विश्वचषकात भारताचं पोर्ट ऑफ स्पेनमध्ये काय झालं, ते वडिलांसमोर काढायचं नाही असा घरात अलिखित नियम आहे.) २०२३ मध्ये दोन बेटं म्हणजे दोन स्वतंत्र प्रवेश, दोन चौकश्या.

निर्णय आणि कार्यवाही

पर्याय ‘इ’ ठरला. ‘आ’ मधली वैद्यकीय नोंद आधारासाठी ठेवायची होती. मग सगळं उलटं, परतीच्या तारखेपासून मागे मोजत आखलं: त्रिनिदाद २५ जुलैला सोडायचं, बार्बाडोस ३१ जुलैच्या संध्याकाळी, मुंबईत २ ऑगस्ट.

कामांचा क्रम महत्त्वाचा होता, कारण सगळ्यांना लागणारी वस्तू एकच: मूळ पासपोर्ट. ब्रिटनच्या व्हिसासाठी तो केंद्रात जमा होतो. पीतज्वराच्या पुस्तिकेवर पासपोर्ट क्रमांक लिहिला जातो. आणि आईचा क्रमांकच बदलणार होता. म्हणून आधी आईचा पासपोर्ट, मग मुंबईचं लसीकरण केंद्र, मग व्हिसा. उलट झालं असतं तर आईच्या एका कागदावर जुना क्रमांक आणि दुसऱ्यावर नवा.

आईचा पासपोर्ट मुंढव्याच्या सेवा केंद्रात तत्काळमधून नव्याने काढला. नाव-पत्ता काही बदललं नव्हतं, त्यामुळे तो आठवड्याच्या आत टपालाने घरी आला. ही लस कुठल्याही दवाखान्यात सरसकट मिळत नाही. सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच दिली जाते आणि तिथलीच पुस्तिका ग्राह्य धरतात. वडिलांच्या संधिवाताच्या डॉक्टरांचं पत्र, औषधांची यादी आणि ताजे रक्ताचे रिपोर्ट घेऊन तिघे २२ जूनला मुंबईत गेले. मुलाला लस मिळाली. वडिलांना ती देता येणार नाही अशी नोंद, सही आणि शिक्का पुस्तिकेत झाला.

आईच्या बाबतीत दुसरा कठीण निर्णय होता. केंद्रातल्या डॉक्टरांनी धोका समजावून सांगितला आणि विचारलं, "काकू, जंगलात फिरायचंय का?" नाही म्हटल्यावर त्यांनी मुक्काम कुठे, किती दिवस, असं सगळं विचारलं. त्रिनिदादमध्ये पीतज्वर राहतो तो जंगलातल्या माकडांमध्ये. माणसांतली शेवटची मोठी साथ १९७८-७९ ची. फक्त शहरात राहणाऱ्या पाहुण्याला होणारा धोका फार कमी, आणि बार्बाडोसमुळे सहा दिवसांचा प्रश्नही मिटत होता. तेव्हा आईने लस घेतली नाही. याचा अर्थ असा की तिघांत फक्त तिच्याकडे ना प्रमाणपत्र, ना सूट. तिचा सगळा भार प्रवासाच्या क्रमावर होता. हे तिला स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, "मग क्रम मोडू नका म्हणजे झालं."

ब्रिटनच्या व्हिसाचे अर्ज दुसऱ्या दिवशी, २३ जूनला, पुण्याच्या केंद्रात बोटांच्या ठशांसह दिले. साधारण मुदत तीन आठवड्यांची, म्हणजे जुलैचा दुसरा आठवडा. विमान १६ जुलैचं धरलं होतं. जादा शुल्क भरून पाच कामकाजी दिवसांची सेवा घ्यायची का, यावर मुलगा आणि वडील यांच्यात वाद झाला. वडिलांना ती उधळपट्टी वाटत होती. मी मुलाच्या बाजूने होतो. व्हिसा हातात आल्याशिवाय परत न मिळणाऱ्या पैशांची तिकिटं काढायची नाहीत हे ठरलेलं होतं, आणि तिकिटांचे दर रोज चढत होते. तीन आठवडे थांबून वाढीव भाड्यात जाणारे पैसे आणि जादा शुल्क यांत फारसा फरक राहिला नसता. व्हिसा महिनाअखेर आले.

अर्जात एक गोष्ट मुद्दाम लिहिली. प्रवासाचा हेतू पर्यटन लिहून, सोबतच्या पत्रात ब्रिटनमधले मुक्काम, पुढचा कॅरिबियन प्रवास, सामन्याची तिकिटं आणि परतीची तारीख सरळ मांडली. दोन रात्रींच्या मुक्कामासाठी सहा महिन्यांचा व्हिसा का, हा प्रश्न अधिकाऱ्याला पडण्याआधीच उत्तर समोर असावं.

तिकिटं दोन भागांत निघाली. मुंबई-लंडन-पोर्ट ऑफ स्पेन आणि परतीला बार्बाडोस-लंडन-मुंबई हा एक भाग. पोर्ट ऑफ स्पेन ते बार्बाडोस हा तासाभराचा प्रवास वेगळ्या तिकिटावर. मुलगा ते तिकीट तिथे गेल्यावर काढू म्हणत होता. त्याला ते आधीच काढायला लावलं. का, ते पुढे आलंच.

प्रत्यक्ष प्रवास

मुंबईच्या काउंटरवर पहिला प्रश्न आला: "त्रिनिदादचा व्हिसा?" विमान कंपन्यांचे कर्मचारी टिमॅटिक नावाच्या प्रणालीत नियम बघतात. पासपोर्टचा देश आणि गंतव्य टाकलं की उत्तर येतं. उत्तर आलं, व्हिसा नको. मग दुसरा प्रश्न: "परतीचं तिकीट त्रिनिदादहून दिसत नाही." परतीचं तिकीट बार्बाडोसहून होतं, त्यामुळे ही तीन माणसं त्रिनिदादमधून बाहेर कशी पडणार हे त्या आरक्षणात कुठेच नव्हतं. वेगळ्या तिकिटाची छापील प्रत पुढे केली आणि पास मिळाले. ती प्रत फोनमध्येही होती, पण रात्री दोन वाजता काउंटरवर कागद लवकर पटतो.

लंडनच्या मुक्कामात सांगण्यासारखं काही घडलं नाही, आणि तेच हवं होतं. व्हीलचेअर आधी सांगून ठेवली होती. हीथ्रो ते गॅटविक हा रस्ता अडीच तास हाताशी ठेवून करावा, एवढंच.

पोर्ट ऑफ स्पेनच्या पियार्को विमानतळावर अधिकाऱ्याने मुक्कामाचा पत्ता, दिवस, पुढचं तिकीट आणि येण्याचं कारण विचारलं. "क्रिकेट" म्हटल्यावर त्याने वडिलांकडे पाहिलं आणि कोण जिंकणार ते विचारलं. पीतज्वराचा उल्लेखही झाला नाही, व्हायचा नव्हताच.

ओव्हलवर वडिलांना हवं ते बऱ्यापैकी मिळालं. मागे डोंगररांग, समोर कोहलीचा पाचशेवा आंतरराष्ट्रीय सामना आणि त्यात १२१ धावा, सिराजचे पाच बळी. पाचवा दिवस पावसाने धुतला आणि सामना अनिर्णित राहिला. आई दोन दिवसच मैदानात आली. बाकी वेळ तिने सेंट जेम्स भागात काढला. १८४५ मध्ये पहिलं जहाज भारतातून गिरमिटिया (करारावर नेलेल्या) मजुरांना घेऊन या बेटावर आलं, त्यांच्या वंशजांची मोठी वस्ती असलेलं हे बेट. चण्याचे ‘डबल्स’ आणि रोटी कोपऱ्याकोपऱ्यावर मिळत असल्याने तिच्या शाकाहाराची चिंता पहिल्याच दिवशी मिटली. जंगलसफारी मात्र तिघांनीही टाळली, पूर्ण बाह्या आणि डासांचं मलम सोडलं नाही.

२५ जुलैला ते बार्बाडोसला पोहोचले. तिथलं आगमनपत्र आधीच ऑनलाइन भरलं होतं. त्रिनिदादहून आल्याबद्दल कोणी काही विचारलं नाही. २७ ला कुलदीपने चार बळी घेतले आणि भारत जिंकला, २९ ला हरला.

आता तिसरा निर्णयबिंदू. तिसरा एकदिवसीय सामना १ ऑगस्टला त्रिनिदादच्या तारूबाला होता. मालिका १-१. मुलाने मध्यरात्री मेसेज केला: एका दिवसासाठी त्रिनिदादला जाऊन परत येऊ का, लंडनचं विमान दोन दिवस पुढे ढकलता येतंय. मी एवढंच लिहिलं की त्रिनिदादच्या जमिनीवर पुन्हा पाय ठेवला की सहा दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे, आणि मोजायचे ते काकूंसाठी. त्याच्या स्वतःच्या हातात प्रमाणपत्र होतं, तो एकटा जाऊ शकत होता. तो गेला नाही. सामना भारताने २०० धावांनी जिंकला, आणि तोवर ते परतीच्या वाटेवर होते.

निष्पत्ती

२ ऑगस्टला मुंबईत आरोग्य तपासणीच्या टेबलवर त्यांनी आपणहून सांगितलं की गेल्या महिन्यात त्रिनिदादला होतो. लंडनच्या विमानातून उतरणाऱ्याला कोणी विचारेलच असं नाही, पण शिक्के पासपोर्टवर होते आणि लपवण्यासारखं काही नव्हतं. अधिकाऱ्याने मुलाची पुस्तिका पाहिली, वडिलांची सूट पाहिली आणि आईच्या पासपोर्टवर थांबला. त्रिनिदादचा बाहेर पडल्याचा शिक्का पुसट उमटला होता. २५ जुलैचा बोर्डिंग पास, बार्बाडोसचा आगमनाचा शिक्का आणि हॉटेलची पावती दाखवली. त्याने बोटांवर दिवस मोजले आणि जा म्हणाला. वडिलांच्या वैद्यकीय पत्राला हात लावायची वेळच आली नाही, कारण दिवस सगळ्यांचेच भरले होते.

वेगळं काय करता आलं असतं

सामन्याची तिकिटं आधी काढली, हे मला चुकीचं वाटत नाही. ती स्वस्त होती, बुडाली असती तरी चाललं असतं. पण आईचा पासपोर्ट मात्र वेळापत्रकाची वाट न पाहता आधीच नवा करता आला असता. मुदतीच्या आधी वर्षभर तो करता येतो, आणि दौरा होणार हे क्रिकेट बघणाऱ्या घराला महिनोन्‌महिने माहीत होतं. त्या एका कामाने तत्काळचा खर्च आणि कदाचित व्हिसाचं जादा शुल्कही वाचलं असतं.

आईच्या लसीबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. वैद्यकीय दृष्टीने निर्णय योग्य होता. प्रवासाच्या दृष्टीने तिच्याकडे दुसरा आधारच नव्हता. जुलै म्हणजे चक्रीवादळांचा हंगाम. पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, बेरिल वादळाने बार्बाडोसचा विमानतळ बंद पडला आणि टी-२० विश्वचषक जिंकलेला भारतीय संघ तिथेच अडकला. अडकायचंच असेल तर बार्बाडोसमध्ये अडकणं या कुटुंबाला सोयीचं, दिवस वाढलेच असते. पण तेच त्रिनिदादमध्ये झालं असतं आणि २५ चं विमान ३० वर गेलं असतं, तर परतीचं तिकीट बदलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यासाठी जादा पैसे न भरता तारीख बदलता येणारं तिकीट घ्यायला हवं होतं. मुलाने स्वस्त भाडं निवडलं. प्रवास विमा होता, पण विलगीकरणाचा खर्च त्यात येतो का, हे पॉलिसी घेताना विचारलं गेलं नाही.

आणि एक पर्याय कुणीच मांडला नाही, मीही नाही: त्रिनिदादला वडील आणि मुलगा दोघांनीच जायचं आणि आईने लंडनहून थेट बार्बाडोसला यायचं. मग तिचा त्रिनिदादशी संबंधच आला नसता. तिला नंतर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एकटी सहा दिवस बार्बाडोसला काय करणार होते मी? आणि डबल्स कुठे मिळाले असते?"